एकाच नावाचा आजार, मग मामांना इंजेक्शन आणि बाबांना थांबायला का सांगतात?

सांगलीच्या एका ताईंनी सविस्तर प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: वडील ५६ वर्षांचे, नऊ वर्षांपासून मधुमेह. तीन महिन्यांपासून पायांवर आणि डोळ्यांभोवती सूज. २४ तासांच्या लघवीत ५.८ ग्रॅम प्रोटीन, रक्तातलं अल्ब्युमिन (मुख्य प्रथिन) २.६, म्हणजे कमी; किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मात्र १.०, म्हणजे ठीक. आधी ‘शुगरमुळे किडनीवर आलंय’ असं सांगितलं गेलं. मग बायोप्सी (सुईने किडनीचा छोटा तुकडा काढून तपासणं) झाली आणि निघाली मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी. पीएलए२आर नावाची रक्ततपासणी निगेटिव्ह, बायोप्सीच्या तुकड्यावरचा त्याचा स्टेनही (रंग लावून ते प्रथिन शोधण्याची तपासणी) निगेटिव्ह. आता डॉक्टर म्हणतात, ब्लॉक (तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा) दुसऱ्या लॅबला पाठवून नेल-१ या दुसऱ्या प्रथिनाचा स्टेन करू, तोवर बीपीची गोळी आणि सूज उतरायची गोळी एवढंच. शिवाय उरलेला तुकडा संशोधनासाठी ठेवायला संमतीचा फॉर्म हातात दिला आहे. ताईंच्या मामांना दोन वर्षांपूर्वी ‘हाच’ आजार झाला होता. त्यांना लवकरच रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची इंजेक्शनं दिली आणि ते आता ठीक आहेत. ताईंचा सवाल सरळ आहे: बाबांवर प्रयोग चाललाय का? आणि मानवी ऊतकांवरच्या संशोधनातून ज्याला त्याला त्याच्यापुरता उपचार देता येतो असं वाचलं, ते खरं, की नुसतं सही घेण्यासाठी?

मी बरीच वर्षं किडनीचे रुग्ण बघतो आहे. हा प्रश्न माझ्या ओपीडीत या ना त्या रूपात येतोच, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. आधी एक सांगतो: मी बाबांना तपासलेलं नाही. स्लाइड पाहिलेल्या नाहीत. तेव्हा ‘हे औषध द्या, ते बंद करा’ असं काही मी इथे सांगणार नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी टाकलेली पावलं मला कळतात आणि पटतातही. ती का, ते सांगतो.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न गुंतले आहेत. एक, रिपोर्टवर एकच नाव असताना दोन माणसांना दोन वाटा का. दुसरा, फॉर्मवर सही केल्याने बाबांना काय मिळणार. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरं बरंचसं आपोआप सुटतं.

‘मेम्ब्रेनस’ हे आजाराच्या कारणाचं नाव नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं त्याचं ते नाव आहे. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या असतात, एका किडनीत साधारण दहा लाख. त्यांच्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाला प्रतिपिंडांचे (अँटिबॉडीजचे) थर साचले, पडदा जाडसर झाला आणि त्यातून प्रोटीन गळू लागलं, की आम्ही म्हणतो मेम्ब्रेनस. ताप आलाय म्हटल्यावर मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड यांतलं काय ते जसं कळत नाही, तसंच हे. प्रतिपिंड कशाच्या विरोधात तयार झाले, हे त्या नावात लिहिलेलं नसतं. आणि उपचार ठरतो तो त्यावर.

हे ‘कशाच्या विरोधात’ शोधायला जगाला पन्नास वर्षं लागली, आणि त्यातला बराच काळ उंदरांमध्ये गेला. १९५९ मध्ये क्लीव्हलंडला वॉल्टर हेमन यांनी उंदरांमध्ये मेम्ब्रेनससारखा हुबेहूब आजार घडवून दाखवला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केर्यास्की आणि फार्कर यांनी त्यातलं लक्ष्य, म्हणजे प्रतिपिंड ज्याला चिकटतात ते प्रथिनही शोधलं. पुढे त्याला मेगालिन नाव मिळालं. काम अव्वल दर्जाचं होतं, त्यातून आजार कसा घडतो हे कळलंही. अडचण एवढीच, की उंदराच्या गाळणीतल्या ज्या पेशींवर मेगालिन असतं, माणसाच्या त्याच पेशींवर ते नसतं. म्हणजे उंदराचं उत्तर बरोबर होतं, पण ते उंदरापुरतं.

माणसातला पहिला धागा सापडला तो २००२ मध्ये पॅरिसला, एका नवजात बाळाच्या आजारातून. आईच्या शरीरात एक विशिष्ट प्रथिन नव्हतं, बाळात होतं. आईने त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार केले, ते वारेतून बाळाकडे गेले आणि बाळ मेम्ब्रेनस घेऊनच जन्माला आलं. असं फार क्वचित घडतं, पण दिशा मिळाली. मग २००९ मध्ये बॉस्टनच्या लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांच्या गटाने साधं वाटणारं काम केलं. मृत्यूनंतर दान झालेल्या मानवी किडन्यांमधल्या गाळण्या वेगळ्या काढल्या, त्यांतली प्रथिनं पट्टीवर पसरली आणि मेम्ब्रेनसच्या रुग्णांचं रक्तद्रव त्यावर टाकून बघितलं, की ते नेमकं कुठे चिकटतं. ३७ पैकी २६ रुग्णांचं रक्त एकाच जागी चिकटलं. ते प्रथिन म्हणजे पीएलए२आर.

तुमच्या मामांना जे लवकर आणि नेमकं औषध मिळालं, त्याचं मूळ इथे आहे. मी धरून चालतो, की त्यांची पीएलए२आर तपासणी पॉझिटिव्ह होती. बहुतेकांची असते, प्राथमिक (दुसऱ्या कुठल्या आजारामुळे न आलेल्या) मेम्ब्रेनसमध्ये साधारण सत्तर टक्क्यांची. या तपासणीने आमच्या कामात काय बदललं, ते आधीच्या काळात प्रॅक्टिस केलेल्या माणसालाच कळेल. पूर्वी आमच्याकडे ‘तीन हिशांचा’ नियम होता: एक तृतीयांश रुग्ण आपोआप बरे होतात, एक तृतीयांशांचं प्रोटीन जात राहतं, आणि उरलेल्या एक तृतीयांशांच्या किडन्या हळूहळू निकामी होतात. समोर बसलेला माणूस यांतला कोण, हे सांगायला हातात काहीच नसे. सहा महिने वाट बघायची, मग स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड आलटून पालटून द्यायचं. तेही सहा महिने, आणि त्याचे दुष्परिणाम सोसायचे. आता प्रतिपिंडांची पातळी दर काही महिन्यांनी बघता येते. ती चढत असेल तर फार थांबत नाही. आपोआप उतरत असेल, तर रुग्णाला विनाकारण जड औषध देत नाही. उपचार सुरू केल्यावर लघवीतलं प्रोटीन कमी व्हायच्या कितीतरी आधी प्रतिपिंड उतरतात, त्यामुळे औषध लागू पडतंय की नाही याचा अंदाजही लवकर येतो. किडनीचं काम चांगलं असेल, दुसरं कुठलं कारण दिसत नसेल आणि ही तपासणी पॉझिटिव्ह असेल, तर २०२१ च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनुसार काही रुग्णांत बायोप्सीही टाळता येते.

व्यक्तीनुसार उपचार म्हणतात तो प्रत्यक्षात असा, साधाच दिसणारा असतो. लोकांना वाटतं, कुठलं तरी यंत्र रुग्णाच्या जनुकांवरून त्याच्या नावाची गोळी बनवून देणार. तसं काही नाही. आत्ता द्यायचं की थांबायचं, द्यायचं तर काय आणि कधी बंद करायचं, हे निर्णय अंदाजाऐवजी पुराव्याने घेणं, एवढंच ते आहे.

आता बाबांकडे वळू. त्यांची रक्ततपासणी निगेटिव्ह. काही वेळा रक्तात प्रतिपिंड सापडत नाहीत, पण तुकड्यात प्रथिन सापडतं, म्हणून डॉक्टरांनी तुकड्यावरही स्टेन केला. तोही निगेटिव्ह. म्हणजे लक्ष्य दुसरंच काहीतरी आहे. ही ‘दुसरी’ लक्ष्यं कळली तीसुद्धा रुग्णांच्या बायोप्सीच्या तुकड्यांतूनच. २०१९ पासून पुढे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संजीव सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यांमधून लेझरने फक्त गाळण्या कापून काढल्या आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे वजनावरून रेणू ओळखणाऱ्या तंत्राने, त्यांतली प्रथिनं मोजली. त्यातून एकेक नाव पुढे आलं: एक्स्ट-१ आणि एक्स्ट-२, नेल-१, सेमा-३बी. प्रत्येकाची सोबत वेगळी. एक्स्ट दिसलं की ल्युपससारखा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार शोधायचा. सेमा-३बी मुख्यतः लहान मुलांत. आणि नेल-१ दिसलं की रुग्णाला बसवून दोन विषयांवर खोदून विचारायचं.

पहिला विषय कॅन्सर. घाबरू नका. नेल-१ म्हणजे कॅन्सर असं मुळीच नाही, पण काही रुग्णांत तो दडलेला सापडतो, म्हणून वयाला साजेशा तपासण्या करून घेतात. छप्पन्न वर्षांच्या माणसात छातीचा एक्स-रे किंवा स्कॅन, पोटाची सोनोग्राफी, पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) आणि शौचातलं रक्त, असं डॉक्टर सांगतील. आणखी काय करायचं ते त्यांच्या सवयी आणि तक्रारींवर अवलंबून.

दुसरा विषय भारतात जास्त महत्त्वाचा आहे: पारा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की नेल-१ मेम्ब्रेनसच्या त्यांच्या बऱ्याच रुग्णांनी पारंपरिक औषधं घेतली होती आणि अशा औषधांत पारा सापडला. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मेम्ब्रेनसचे २२ रुग्ण तपासले. त्यांत १५ नेल-१ पॉझिटिव्ह निघाले आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरं करणारी क्रीम लावत असल्याचं कबूल केलं. आपल्याकडेही अकोल्यातल्या एका कुटुंबातल्या मायलेकींना अशाच क्रीममुळे किडनीचा त्रास झाल्याच्या आणि त्या क्रीममध्ये पारा सापडल्याच्या बातम्या आल्या होत्या. ‘कबूल केलं’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. रुग्ण ही माहिती आपणहून देत नाहीत. क्रीम हे त्यांच्या लेखी औषध नसतं. आणि शुगरसाठी कुणी दिलेली पुडी डॉक्टरांना सांगितली तर ते ओरडतील, अशी भीती असते. काही डॉक्टर ओरडतातही, आणि त्यामुळे पुढच्या वेळी काहीच कळत नाही.

तुम्ही लिहिलं आहे, की बाबा मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर ‘मुंग्यांची गोळी’ (हातापायांना येणाऱ्या मुंग्यांवरची) घेतात. तिच्या पाकिटावर काय लिहिलंय ते बघा. आपल्याकडे अशा गोळ्यांमध्ये मेथिलकोबालामिनबरोबर अल्फा लिपोइक अॅसिड सर्रास असतं. लिपोइक अॅसिड घेणाऱ्यांमध्ये नेल-१ मेम्ब्रेनस झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलं गेलं आहे. लाखो लोक ते घेतात आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीही होत नाही, तेव्हा शेजाऱ्यांच्या गोळ्या बंद करायला निघू नका. बाबांची गोळीही स्वतःच्या मनाने बंद करू नका. पण नेल-१ पॉझिटिव्ह आला, तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगा.

आता थांबण्याचं कारण लक्षात येईल. पारा किंवा तसं काही कारण सापडलं आणि ते बंद केलं, तर अशा बहुतेक रुग्णांचं लघवीतलं प्रोटीन काही महिन्यांत उतरतं. जोडीला बीपीची ती गोळी पुरते, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध लागत नाही. ती बीपीची गोळीही नुसती बीपीसाठी नसते. एसीई किंवा एआरबी गटातली असेल, तर ती प्रोटीनची गळती कमी करते. मामांचं औषध बाबांना लगेच दिलं आणि खरं कारण रोज सकाळी पाण्याबरोबर पोटात जात राहिलं, तर काय साधणार? वर मधुमेहाच्या माणसाला जंतुसंसर्गाचा धोका वाढवून बसायचं. उलट नेल-१ निगेटिव्ह आला, कॅन्सर वगैरे काही सापडलं नाही, आणि प्रोटीन कमी न होता अल्ब्युमिन आणखी घसरलं किंवा क्रिएटिनिन वर जाऊ लागलं, तर डॉक्टर रिटुक्सिमॅबचा किंवा दुसऱ्या औषधाचा विचार करतीलच. तेव्हा त्याआधी हेपटायटिस बीची तपासणी झालेली असावी, हे आठवणीने विचारा.

थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे, पण त्याला अटी आहेत. मेम्ब्रेनसमध्ये, विशेषतः अल्ब्युमिन २.५ च्या आसपास किंवा खाली गेलं की, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. एकाच पायाची सूज अचानक वाढली, पोटरी दुखू लागली, धाप लागली, छातीत दुखलं किंवा कुशीत दुखून लघवी लाल झाली, तर फोनवर विचारत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारं औषध सुरू करायचं का, हेही पुढच्या भेटीत विचारण्यासारखं आहे. बाबांचा आकडा त्या सीमेवरच आहे.

मधुमेहाबद्दलही दोन शब्द. ‘शुगरमुळेच असेल’ असं पहिल्या डॉक्टरांना वाटणं साहजिक होतं. पण मधुमेहींच्या ज्या बायोप्सी होतात, त्यांत काय निघतं ते पाहण्यासारखं आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासात फक्त मधुमेहाची किडनी ३७ टक्क्यांत निघाली, ३६ टक्क्यांत मधुमेहाशी संबंध नसलेलाच आजार होता आणि उरलेल्यांत दोन्ही. अर्थात हे आकडे बायोप्सी झालेल्यांचे आहेत. बायोप्सी करतात तीच मुळात शंका आल्यावर. म्हणून प्रत्येक मधुमेहीला सुई टोचा, असा याचा अर्थ नाही. सूज अचानक येणं, डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा नसणं, थोड्या महिन्यांत भरपूर प्रोटीन जाऊ लागणं, अशा गोष्टी दिसल्या की आम्ही सुई उचलतो. बाबांच्या बाबतीत ती उचलली, हे बरं झालं.

इथवरचा धागा एका ओळीत बांधतो: मामा आणि बाबा यांच्या रिपोर्टवर नाव एक आहे, पण बाबांचं कारण अजून ठरायचं आहे, आणि नेल-१ चा स्टेन त्यासाठी आहे. तो बाबांच्या उपचाराचा भाग आहे, संशोधनाचा नाही. फॉर्मवर सही केली नाही तरी तो झालाच पाहिजे.

फॉर्मकडे येऊ. आधी तुकड्याचं काय होतं ते समजून घ्या. सुईने निघालेला तुकडा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब आणि शेवयीएवढा जाड असतो. एक भाग फॉर्मलिनमध्ये जाऊन मेणाच्या ब्लॉकमध्ये बसतो, एक इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (प्रतिपिंड चमकवून दाखवणारी तपासणी), एक छोटा कण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी. ब्लॉकमधून दोन-तीन मायक्रॉनचे पातळ काप घेतात, त्यामुळे तपासणी झाल्यावरही ब्लॉकमध्ये बऱ्याचदा काही उरतं. संशोधनासाठी मागतात ते बहुधा हेच उरलेलं.

बहुधा म्हणालो, कारण सगळीकडे तसं नसतं. अमेरिकेत २०१७ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पैशातून किडनी प्रिसिजन मेडिसिन प्रोजेक्ट सुरू झाला. त्यात लोक संमती देऊन मुद्दाम संशोधनासाठी सुई टोचून घेतात. मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे असे रुग्ण, ज्यांची एरवी बायोप्सी झालीही नसती. त्या तुकड्यांच्या आधारे २०२३ मध्ये मानवी किडनीच्या पेशींचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी पेशी तर आहेतच, शिवाय इजा झाल्यावर नीट दुरुस्त न झालेल्या पेशीही ओळखल्या आहेत. मोलाचं काम आहे. पण जादा सुई म्हणजे जादा धोका. बायोप्सीनंतर शंभरात तीन-चार जणांची लघवी लाल होते आणि साधारण एकाला रक्त द्यावं लागतं. म्हणून तुम्ही विचारायचा पहिला प्रश्न हा: उरलेला तुकडा हवाय, की पुढेमागे नवा? बाबांची बायोप्सी होऊन गेली आहे. उरलेलाच असेल, तर शरीराला नवा धोका काही नाही.

पुढचे प्रश्न कागदाचे आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये जैविक नमुने साठवण्यावर स्वतंत्र भाग आहे. फॉर्मवर नीतिसमितीच्या मंजुरीचा उल्लेख आहे का? नमुना याच अभ्यासापुरता ठेवणार, की पुढच्या कुठल्याही अभ्यासासाठी? नावाऐवजी क्रमांक वापरणार का, आणि त्याची किल्ली कुणाकडे? जनुकतपासणी करणार का? नमुना परदेशी किंवा खासगी कंपनीकडे जाणार का? बाबांच्या उपचाराला उपयोगी काही सापडलं तर कळवणार का? मन बदललं तर संमती मागे घेता येईल का? ती घेता आलीच पाहिजे, आणि त्यामुळे उपचारात तसूभर फरक पडता कामा नये. सही बाबांनी करायची आहे, तुम्ही नव्हे, तेव्हा हे त्यांच्या समोर आणि त्यांना समजेल अशा मराठीत विचारा. उत्तर देणारा घाईत असेल तर फॉर्म घरी घेऊन या. ही काही मुदत संपणारी लॉटरी नाही.

आणखी एक विचारायला विसरू नका: संशोधनाला दिल्यावर बाबांच्या पुढच्या तपासण्यांसाठी ब्लॉकमध्ये पुरेसं उरेल का? माझ्या लेखी हा सगळ्यांत व्यवहारी मुद्दा आहे. बाबांचं कारण अजून सापडायचं आहे. नेल-१ निगेटिव्ह आला तर आणखी स्टेन लागू शकतात. आधी बाबांचं काम, उरलं तर संशोधनाचं, हा क्रम लेखी असावा.

सही केल्याने बाबांना थेट काही मिळेल का? बहुधा नाही, आणि कुणी तसं आश्वासन दिलं तर सावध व्हा. पण असं जपून ठेवलेलं ऊतक केव्हा बोलू लागेल हे सांगता येत नाही. मिनिमल चेंज नावाच्या किडनीच्याच दुसऱ्या एका आजारात बायोप्सीवर प्रतिपिंडांची बारीक धूळ पसरल्यासारखी दिसायची. आम्ही सगळे ती ‘बॅकग्राउंड’ म्हणून सोडून देत असू. बॉस्टनच्या गटाने जपलेले तुकडे पुन्हा नीट पाहिले आणि २०२२ मध्ये दाखवलं, की ती धूळ गाळणीतल्या नेफ्रिन या प्रथिनाला चिकटलेली आहे. २०२४ मध्ये जर्मनीच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या अभ्यासात उपचार सुरू न झालेल्या सक्रिय मिनिमल चेंजच्या ६९ टक्के प्रौढांत नेफ्रिनविरोधी प्रतिपिंड सापडले. आता त्याच्या रक्ततपासण्या येऊ घातल्या आहेत. ज्यांचे तुकडे वापरले, त्यांतल्या कित्येकांना आपल्यामुळे काय सापडलं हे कळलंही नसेल.

मर्यादाही सांगायला हव्यात, कारण इंटरनेटवर त्या सांगत नाहीत. बायोप्सीत दहा-वीस गाळण्या येतात, दहा लाखांतल्या. मेम्ब्रेनस सगळीकडे सारखा पसरतो म्हणून इथे त्या पुरतात. एफएसजीएससारखा ठिकठिकाणी असणारा आजार त्यांतून निसटू शकतो. नव्या लक्ष्यांची मास स्पेक्ट्रोमेट्री आपल्याकडे मोजक्या ठिकाणी होते. नेल-१ चा स्टेनही प्रत्येक लॅबमध्ये नसतो, म्हणून तर ब्लॉक बाहेर पाठवावा लागतोय. आणि सगळ्या तपासण्या करूनही काही रुग्णांत लक्ष्य सापडत नाहीच. तिथे आम्ही जुन्याच पद्धतीने, प्रोटीन आणि क्रिएटिनिन बघत पुढे जातो.

पुढच्या भेटीला जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या: गोळ्यांची पाकिटं, पुड्या, चूर्णं, काढ्याच्या बाटल्या, कपाटातली क्रीमसुद्धा, बाबांची आणि घरच्यांचीही. बाबांना आधी सांगून ठेवा, की रागावणार कुणी नाही. ब्लॉक कुठल्या लॅबला, कधी गेला आणि परत कधी येणार याची पावती घ्या. हॉस्पिटल बदलायची वेळ आली, तर रिपोर्टच्या झेरॉक्सवर समाधान मानू नका, स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. नेल-१ चा रिपोर्ट आला की इथेच लिहा. नाव आणि नोंदणी क्रमांक झाकून टाका.